सर विल्यम क्रुक्स व हिऱ्याचा रंग

आपल्या भाषेंत हिऱ्यास वज्र असेंहि नांव आहे. जें झिजत नाहीं व बदलत नाहीं तें वज्र, अशी आपली पूर्वापार समजूत. परंतु यंत्राच्या पोटांत तयार झालेला हिरा आज सुरतेच्या कारखान्यांतून व मुंबईच्या पेढ्यांवरून घरोघरच्या दागिन्यांत येऊं लागला आहे, आणि त्याच्याबरोबर एक साधी शंकाहि घरोघरीं येऊन ठेपली आहे. मनुष्यानें बनविलेल्या या हिऱ्याचा रंग वर्षानुवर्षें तसाच राहील काय? कीं लेकीच्या लग्नांत केलेलीं कुडीं नातीच्या लग्नापर्यंत पिवळीं पडतील? पदरचा पैसा खर्च करणाऱ्या आईबापांस ही शंका क्षुल्लक वाटत नाहीं, व वाटूंहि नये. तिचें उत्तर द्यावयाचें तर हिऱ्यास रंग येतो कोठून व तो बदलतो कशानें, हें आधीं कळलें पाहिजे. रेडियमच्या साह्यानें हिऱ्याचा रंग प्रथम ज्यांनीं बदलून दाखविला, त्या सर विल्यम क्रुक्स यांचें चरित्र म्हणूनच आम्ही या अंकीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम क्रुक्स यांचा जन्म ता. १७ जून १८३२ रोजीं लंडन शहरांत झाला. वडील जोसेफ क्रुक्स हे धंद्यानें शिंपी. त्यांचें दुकान चांगलें चालत असे व कुटुंबहि मोठें होतें. त्यांच्या दुसऱ्या पत्नीस झालेल्या १६ मुलांत विल्यम हे सर्वांत थोरले. लहानपणीं त्यांचें शिक्षण फारसें व्यवस्थित झालें नाहीं. परंतु १८४८ सालीं ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री या संस्थेंत दाखल झाले, व तेथें हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांसारखा गुरु त्यांना लाभला. हॉफमन यांचे सहायक म्हणून त्यांनीं कांहीं वर्षें काम केलें, मग थोडे दिवस ऑक्सफर्डच्या वेधशाळेंत व नंतर चेस्टर येथें रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून काढले. १८५६ सालीं एलेन हंफ्री यांच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि ते लंडनला परतले. पुढें आयुष्यभर त्यांनीं कोणत्याहि विश्वविद्यालयाची मोठी जागा भूषविली नाहीं. घरींच प्रयोगशाळा मांडावी, १८५९ सालीं स्वतः काढलेलें 'केमिकल न्यूज' हें नियतकालिक चालवावें, व्यापाऱ्यांस व सरकारास रासायनिक सल्ला द्यावा आणि मिळालेल्या पैशांतून पुन्हां प्रयोग करावे, हाच त्यांचा संसार.

त्यांचें नांव प्रथम सर्वत्र झालें तें १८६१ सालीं. त्या वेळीं पदार्थ ज्वाळेंत धरून त्याचा प्रकाश लोलकांतून पाहण्याची नवी विद्या निघाली होती. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशांत ठराविक रंगाच्या रेषा दिसतात, व जसा हस्ताक्षरावरून लेखक ओळखावा, तसें त्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखतां येतें. गंधकाम्लाच्या एका कारखान्यांतील गाळ तपासतांना क्रुक्स यांना एक तेजस्वी हिरवी रेषा दिसली. ती कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. कोंवळ्या हिरव्या अंकुराचा वाचक जो ग्रीक शब्द आहे त्यावरून त्यांनीं या नव्या धातूस थॅलियम असें नांव दिलें. दोन वर्षांनीं, १८६३ सालीं, रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें.

या थॅलियमचा अणुभार ठरविण्यांत क्रुक्स यांनीं अनेक वर्षें घालविलीं. वजनांत हवेमुळें चूक पडूं नये म्हणून ते निर्वात पेटींत तराजू ठेवून तोलीत. त्या तराजूच्या कांहीं चमत्कारिक हालचाली त्यांच्या नजरेस आल्या. दुसऱ्या कोणीं त्या उपेक्षिल्या असत्या, परंतु क्रुक्स यांनीं त्यांचा पाठपुरावा केला. त्यांतूनच उजेड पडतांच गरगर फिरणारी कांचेच्या गोळ्यांतील ती चिमुकली चक्की निघाली, जी रेडिओमीटर या नांवानें आजहि अनेक शाळांच्या विज्ञानाच्या कपाटांत असते. त्यांतूनच पुढें हवा जवळजवळ संपूर्ण काढून घेतलेल्या त्या नळ्या निघाल्या, ज्यांस क्रुक्स यांचेंच नांव पडलें. अशा नळींतून वीज जाऊं दिली असतां तिच्या ऋण टोंकापासून किरण निघतात आणि ते जेथें आदळतात तेथें कांच हिरवट चमकूं लागते. अशाच प्रकारच्या नळ्यांवर प्रयोग करीत असतां १८९५ सालीं राँटजेन यांस क्ष-किरण सांपडले व १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यांनीं इलेक्ट्रॉनचा शोध लाविला.

याच नळ्यांत क्रुक्स यांनीं हिरे ठेवून पाहिले. किरणांचा मारा होतांच बहुतेक हिरे अंधारांत झळकूं लागत. कोणी निळसर, कोणी पिवळट, कोणी हिरवा. परंतु मारा बराच वेळ चालला तर हिऱ्याचा पृष्ठभाग काळवंडत असे. हा काळेपणा म्हणजे बाहेरचा मळ नव्हता. हिरा व शिसपेन्सिलींतील काळें ग्राफाइट हीं दोन्हीं एकाच कार्बनचीं रूपें आहेत, व माऱ्याच्या आंचेनें हिऱ्याची वरची पापुद्र्यासारखी पातळ त्वचा ग्राफाइट होऊन जात होती. वज्रहि बदलूं शकतें, हें येथें स्पष्ट झालें. मात्र तें घरच्या उन्हानें वा काळाच्या ओघानें नव्हे, तर प्रयोगशाळेंतील विलक्षण माऱ्यानें.

येथें क्रुक्स यांच्या आयुष्यांतील एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून हें चरित्र खरें होणार नाहीं. त्यांचा धाकटा भाऊ फिलिप हा समुद्रांतील तारायंत्राची दोरी टाकण्याच्या कामावर असतां १८६७ सालीं पीतज्वरानें वारला. या भावावर त्यांचा फार जीव होता. शोकाकुल मनानें ते मृतांच्या आत्म्यांशीं बोलविणाऱ्या मध्यस्थांकडे वळले. १८७० नंतर डॅनिएल होम व फ्लॉरेन्स कुक अशा मध्यस्थांच्या बैठकी त्यांनीं घेतल्या, आणि आपण पाहिलें तें खरें होतें असें छापून प्रसिद्ध केलें. शास्त्रज्ञ मंडळींत मोठी खळबळ उडाली. पुढें १८८० सालीं फ्लॉरेन्स कुक हिची लबाडी भर बैठकींत पकडली गेली. तरी क्रुक्स यांनीं आपलें म्हणणें कधींहि मागें घेतलें नाहीं. एका हिरव्या रेषेवरून नवीन धातु ओळखणारे डोळे अंधाऱ्या खोलींत फसावे, याचें आश्चर्य वाटतें खरें. पण ज्यांच्या घरांतील तरुण माणूस अकालीं गेलें आहे, त्यांना त्याचें कारण समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

शोधाचें त्यांचें काम मात्र थांबलें नाहीं. १८९७ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला. १८९८ सालीं ब्रिस्टल येथें ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून बोलतांना त्यांनीं सर्व जगास एक गंभीर इशारा दिला. गहू खाणाऱ्यांची संख्या वाढत आहे, जमिनीला लागणारीं नायट्रोजनयुक्त खतें मात्र चिलीच्या सोऱ्यावर अवलंबून आहेत, व तो सोरा एक दिवस संपेल. म्हणून हवेंत भरलेला नायट्रोजन बांधून त्याचें खत करण्याची युक्ति रसायनशास्त्रज्ञांनीं शोधली नाहीं तर उपासमार ओढवेल, असा त्या भाषणाचा आशय होता. १९०९ सालीं हाबर यांनीं ती युक्ति करून दाखविली, व १९१३ सालीं जर्मनींत ओपाउ येथें तिचा कारखाना सुरू झाला. हाच नायट्रोजन पुढें हिऱ्याच्या गोष्टींतहि आपणांस भेटणार आहे.

हिऱ्यांची भूमि पाहण्यासाठीं क्रुक्स दक्षिण आफ्रिकेंतील किंबर्ली येथें दोन वेळां गेले, १८९६ सालीं व पुन्हां १९०५ सालीं. खोल खाणींतून निघणारी निळसर माती, ती भिजवून धुण्याची रीत आणि शेवटीं धुतलेला चुरा चरबी फांसलेल्या फळ्यांवरून वाहवितांना इतर खडे वाहून जाऊन हिरे तेवढे चरबीस चिकटून राहतात, तें कौतुक त्यांनीं बारकाईनें पाहिलें. १९०५ च्या जानेवारींत ट्रान्सवालमध्यें कलिनन हा ३१०६ कॅरटांचा प्रचंड हिरा सांपडला. तोहि त्यांनीं विशेष प्रकाशांत तपासला, व त्याच्या अंतरंगांत मोठा ताण आहे हें दाखविलें. या सर्व अनुभवावर त्यांनीं १९०९ सालीं हिऱ्यांविषयीं एक सुगम ग्रंथ प्रसिद्ध केला.

आतां मुख्य प्रयोगाकडे वळूं. १८९८ सालीं क्यूरी दंपत्यानें रेडियमचा शोध लाविला होता. त्याच्या किरणांचा हिऱ्यावर काय परिणाम होतो हें पाहण्याचें क्रुक्स यांनीं ठरविलें. त्यांनीं ऑस्ट्रेलियांतील बिंगारा येथील दोन हिरे निवडले. दोन्हीं आकारानें व रंगानें शक्य तितके सारखे, म्हणजे किंचित् पिवळसर. एक त्यांनीं रेडियमपासून फार दूर एका खणांत ठेवून दिला. दुसरा सुमारें १५ मिलिग्रॅम रेडियम ब्रोमाइड भरलेल्या नळीशेजारीं ठेवला. तो सर्व वेळ अंधारांत झळकत राहिला. पंधरा दिवसांनीं दोन्हीं शेजारीं ठेवून पाहिले, तों रंगांत कांहीं फरक नाहीं. पुन्हां सहा आठवडे ठेविला, तरी फरक म्हणण्यासारखा नाहीं. मग क्रुक्स यांनीं तो हिरा रेडियमच्या क्षारांतच पुरला आणि ७८ दिवस हलविला नाहीं. त्यानंतर काढून पाहतात तों पिवळेपणा नाहींसा होऊन हिरा गडद व निळसर हिरवा झालेला! खणांतला सोबती मात्र होता तसाच पिवळसर होता.

हा रंग वरवरचा लेप तर नसेल? क्रुक्स यांनीं तो हिरा तीव्र नत्राम्ल व पोटॅशियम क्लोरेट यांत दहा दिवस तापविला. वरची काळसर छटा गेली, हिरा पुन्हां पारदर्शक झाला, पण निळसर हिरवा रंग गेला नाहीं. शिवाय तो हिरा आतां स्वतःच छायाचित्राच्या कांचेवर ठसा उमटवूं लागला, म्हणजे त्याच्या अंगीं किरणोत्सर्ग आला होता. १९०४ सालीं हें सर्व त्यांनीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. १९१४ सालीं याच रीतीनें हिरवा केलेला एक हिरा त्यांनीं ब्रिटिश म्यूझियमला अर्पण केला. त्याचा रंग उडाला नाहीं, आणि दुर्दैवानें त्याचा किरणोत्सर्गहि गेला नाहीं. रेडियमचें बळ निम्म्यावर यावयास सुमारें १६०० वर्षें लागतात. असा खडा अंगावर घालणें धोक्याचें. रंग टिकला म्हणजे सर्व कुशल झालें असें नव्हे, हा या हिऱ्याचा पहिला धडा.

हा रंग कां टिकला, हें शास्त्रास पुढें कळलें. हिऱ्यांत कार्बनचे अणु अतिशय घट्ट व नियमित रचलेले असतात. रेडियमच्या कणांनीं आदळून कांहीं अणु जागेवरून हांकलले, व त्या रिकाम्या जागांनीं तांबडा प्रकाश शोषून घेतल्यामुळें हिरा निळसर हिरवा दिसूं लागला. हे कण केंसाच्या जाडीइतकेहि आंत जात नाहींत, म्हणून हा हिरवेपणा पृष्ठभागाजवळच असतो. हिऱ्यांतील रिकामी जागा साध्या उष्णतेंत तसूभर सरकत नाहीं. ती हलावयास शेंकडों अंश उष्णता लागते. निसर्गाच्या हिऱ्यांतहि रंगाचें कारण असेंच असतें. नायट्रोजनचे अणु शिरले तर हिरा पिवळा होतो, बोरॉनचे शिरले तर निळा. ज्या नायट्रोजनसाठीं क्रुक्स यांनीं शेतकऱ्यांच्या वतीनें हांक मारली, तोच हिऱ्यास पिवळा करीत होता. त्यांच्या हयातींत मात्र हें कोणास ठाऊक नव्हतें.

हिरा स्वतः घडविण्याचा मोहहि त्या पिढीस होता. १८९३ सालीं फ्रान्सांत म्वासाँ यांनीं वितळलेल्या लोखंडांत कार्बन विरघळवून तें एकाएकीं थंड केलें, व सूक्ष्म हिरे मिळाल्याचें जाहीर केलें. क्रुक्स यांनीं बंद पोलादी भांड्यांत स्फोटक दारू उडवून उरलेल्या काजळींत हिऱ्यांचे कण शोधले, व ते मिळाले असें त्यांस वाटलें. परंतु सर चार्ल्स पार्सन्स यांनीं पुढें अनेक वर्षें असे प्रयोग करून पाहिले, व अखेर १९२८ सालीं यांपैकीं कोणासहि खरा हिरा साधला नसावा असा निर्वाळा दिला. खरें यश १९५३ सालीं स्वीडनमध्यें व १९५४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत आलें. हवेच्या दाबाच्या पन्नास हजार पटींहून अधिक दाब व हजार अंशांवर उष्णता देऊन तेथें कार्बनचा हिरा झाला. १९७० सालीं त्याच कंपनीनें दागिन्यांत शोभतील असे हिरे केले. आज दुसरीहि एक रीत आहे. मिथेन व हायड्रोजन हे वायु तापवून विजेसारखे प्रकाशमान करितात, व हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे थर बसवीत हिरा वाढवितात.

आतां मूळ शंकेचें उत्तर सोपें झालें. प्रयोगशाळेंतला हिरा ही नक्कल नव्हे. तो खाणींतल्या हिऱ्यासारखाच कार्बनचा हिरा आहे, व त्याचा रंगहि अणूंच्या रचनेंत बसलेला असतो. नेहमींच्या वापरांत, उन्हांत, पाण्यांत किंवा वर्षें लोटल्यानें तो पिवळा पडत नाहीं. वायूपासून वाढविलेले पुष्कळ हिरे प्रथम तपकिरी छटेचे निघतात. त्यांस मोठा दाब व उष्णता देऊन ती छटा काढितात, व ती काढली कीं परत येत नाहीं. अशा कांहीं हिऱ्यांवर प्रखर अतिनील किरण टाकले तर रंगांत थोडा तात्पुरता फरक दिसतो, पण तो उजेडानें किंवा ऊब दिल्यानें निघून जातो. किरणांनीं रंगविलेल्या हिऱ्याची गोष्ट जराशी निराळी. तो घरांत सुरक्षित असतो, परंतु दुरुस्तीच्या वेळीं सोनाराच्या फुंकणीची ज्वाळा लागली तर रंग पालटूं शकतो. म्हणून दागिना दुरुस्तीस देतांना हिऱ्याची माहिती सोनारास अवश्य सांगावी. ज्यावर केवळ रंगाचा लेप दिलेला असतो, त्याचा लेप घांसून जातो. दोष तेथें हिऱ्याचा नसून लेपाचा असतो.

मग हिरा मंद कां दिसतो? बहुधा मळामुळें. किंबर्लीच्या फळ्यांवर जो चरबीस चिकटत होता, तोच हिरा घरींहि तेल, लोणी व साबणाचा ओशटपणा धरतो. कोमट पाण्यांत थोडा साबण घालून मऊ ब्रशानें चोळून धुतला कीं तो पुन्हां झळकतो. आणि नुसत्या डोळ्यांनीं खाणीचा हिरा व प्रयोगशाळेचा हिरा सराफासहि ओळखतां येत नाहीं. त्यासाठीं यंत्रें लागतात. म्हणून विकत घेतांना हिरा कोठला आहे, त्यावर कांहीं प्रक्रिया झाली आहे काय, हें प्रमाणपत्रावर लिहून घ्यावें. रंग टिकेल कीं नाहीं यापेक्षां विकणाऱ्यानें खरें सांगितलें कीं नाहीं, हीच खरी काळजी करण्याची गोष्ट आहे.

क्रुक्स यांस १९१० सालीं ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान मिळाला, व १९१३ ते १९१५ पर्यंत ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. तरीहि आयुष्याच्या संध्याकाळीं त्यांनीं हातीं घेतलेलें एक काम आम्हांस सर्वांत अधिक भावतें. भट्टीपुढें बसून कांच वितळविणाऱ्या कामगारांस मोतीबिंदु होत असे. त्यांच्या डोळ्यांचें रक्षण व्हावें म्हणून क्रुक्स यांनीं ३०० हून अधिक प्रकारची कांच तयार करून तपासली, व घातक किरण अडविणारी कांच सिद्ध केली. त्या वेळीं त्यांचें वय ८० वर्षांच्या आसपास होतें. १९१६ सालीं त्यांच्या पत्नीनें इहलोक सोडला, व ता. ४ एप्रिल १९१९ रोजीं स्वतः क्रुक्स लंडनमध्यें निवर्तले.

त्यांच्या चरित्रावरून आमच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. हिऱ्याच्या प्रयोगांत त्यांचा निर्णय पक्का ठरला, याचें कारण खणांत ठेवलेला तो दुसरा हिरा. पंधरा दिवस, सहा आठवडे, ७८ दिवस, दर वेळीं त्यांनीं पालटलेला हिरा न पालटलेल्याशेजारीं उजेडांत ठेवून ताडून पाहिला, आणि फरक दिसला नाहीं तेव्हां नाहीं असेंच लिहिलें. अंधाऱ्या बैठकींत मात्र त्यांच्याजवळ असा ताडून पाहण्याचा खडा नव्हता. होती ती केवळ भावाची ओढ. बुद्धि दोन्हीं ठिकाणीं तीच होती. जी गोष्ट खरी व्हावी असें आपणांस मनापासून वाटतें, तिच्याच बाबतींत दुसरा हिरा खणांत ठेवावयास आपण विसरतों. परीक्षेचा अभ्यास असो, बाजारांतली खरेदी असो वा ऐकीव वार्ता असो, ताडून पाहण्याची संवय ज्यानें लावून घेतली, त्याची फसगत सहसा होणार नाहीं.